हे घरी राहिले तेव्हा

१९ मे १९८७, नार्वे (गोवा)
हे आज अवचित घरी. ह्यांची खनिज वाहणारी बार्ज मुरगाव बंदरातून रिकामी परतली आणि रविवार नसताना उतरले. मला वाटलं, माझ्यासाठीच! दारातच म्हणाले, "सुमंगला, कालपासून लघवी होत नाही गो." ओटीपोट दगडासारखं. सासूबाईंनी गोखरूचा काढा दिला. थेंब नाही.

२० मे
डिचोलीच्या डॉक्टरांनी नळी घातली. पिशवी भरली तसे हे निवांत झाले. "खडा असेल," डॉक्टर. एक्स-रेत खडा नाही. जेवताना एक डोळा झाकून बसले — "दोन ताटं दिसतात."

२१ मे
अंगणात तोल गेला. सुकाणू धरणारा हा माणूस! पणजीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले, चालवून बघितलं. "बिघाड मूत्राशयात नाही. मेंदूच्या देठात शीर बंद पडलीय. लघवीचा हुकूम तिथून जातो. असं आधी लघवीवर दिसणं क्वचित."
समजलं. पटलं नाही.

२४ मे
पुरुषांच्या वॉर्डात बायकांना मुक्काम नाही. ह्यांच्या बार्जीवरचा विठू राहतो. मी शेवटच्या बसने घरी. वाट बघायची सवय आहे, पण अशी नाही.

३० मे
गोवा राज्य झालं. वॉर्डात पेढे. ह्यांना गिळताना ठसका लागतो, ह्यांचा पेढा मी खाल्ला. सगळ्यांदेखत ह्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदा.

१२ जून
नळी काढली. दुपारपर्यंत काही नाही. मग न्हाणीतून हाक — "झाली गो!" वॉर्ड हसला. मी रडले.

२० जुलै
घरी. पावसात बार्जी बंदच. ताट एकच दिसतं आता. चालतात भिंतीला धरून. ह्यांचा श्वास शेजारी ऐकत पडून राहते. आणखी काय हवं होतं मला?

८ सप्टेंबर
बार्जी सुरू झाल्या. भोंगा वाजला की हे उठतात, दारापर्यंत जातात, परत येऊन बसतात. सुकाणू पुन्हा धरायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलंय. हे शेजारी बसलेले असतात आणि मला त्यांची आठवण येते.

१३ सप्टेंबर
विठू आला. मुरगावच्या धक्क्यावर बार्जी लावून घ्यायला जाणता माणूस हवाय. बसून काम. राहणं तिथेच, घरी फक्त रविवारी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.
"येतील," मी विठूला म्हटलं.