रक्त काढणारे गृहस्थ

चि. धाकटीस,

तुझ्या भावजींचा आशीर्वाद. तुझे सांधे, गालांवरचे चट्टे आणि स्वभाव कसा आहे? (तिसऱ्यावर औषध नाही, असं तुझी ताईच म्हणायची.) रीत म्हणून विचारत नाही, खरंच कळव. मी बरा आहे. ताई जाऊन चार महिने झाले. घरात आता मी एकटाच गप्प असतो, त्यामुळे ते कुणाला जाणवत नाही.

काल लॅबमधले रक्त काढणारे गृहस्थ भेटायला आले. दारातच रडले, आणि माझ्यापेक्षा जास्त रडले. बायको माझी, आणि पाण्याचा पेला मी त्यांच्यापुढे करायचा!

हे गृहस्थ मला पहिल्यापासून खुपतात. तुम्हा दोघी बहिणींना ल्यूपस, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार, म्हणजे रक्ततपासणीच्या सुया आल्याच. पण ताई तिथे लग्नाला निघाल्यासारखी जायची. आतून ऐकू यायचं, "ताई, आज शीर रुसलीय!" "तुम्हाला बघून रुसली असेल!" आणि हशा. मी बाहेर भिंतीवरचा मूत्रपिंडाचा तक्ता वाचत बसलेला. (पाठ आहे.) घरी काही विचारलं की मला उत्तर एकच, "ठीक आहे." तिची शीर कुठे लपते हे त्यांना ठाऊक. मला तिचा चष्माही सापडत नसे.

मग तिच्या रक्तात त्या अँटिबॉडी निघाल्या, शरीराने स्वतःच्याच विरुद्ध तयार केलेल्या. त्यांच्यामुळे रक्ताची गुठळी होऊ शकते. पण कधी त्या आपोआप जातातही, म्हणून डॉक्टर म्हणाले, बारा आठवड्यांनी पुन्हा तपासा, मग औषधाचं ठरवू. तेव्हा मी शहाणपणा केला. "ती लॅब लांब पडते," म्हणत त्या दुसऱ्या तपासणीला तिला दुसरीकडे नेलं. तिथल्या बाईंनी चार ठिकाणी टोचलं, रक्त आलं नाही. ताई म्हणाली, "आज पुरे. पुढच्या महिन्यात बघू." मला, खरं सांगतो, बरं वाटलं. तिथे कुणी हसलं नव्हतं. पुढचा महिना उजाडायच्या आत पायातली गुठळी फुप्फुसात गेली.

ती नेहमीची लॅब बसने दोन थांब्यांवर आहे. (हे आजवर कुणाला बोललो नाही.)

काल ते विचारत होते, "ताई पुन्हा का नाही आल्या हो? माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "लांब पडायचं."

तुझा,
भावजी

ता. क. तुझीही पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली आणि दुसरी तू तीनदा पुढे ढकललीस, हे तुझ्या आईकडून कळलं. रविवारी सकाळी हे गृहस्थ तुझ्या घरी येतील. पत्ता मीच दिलाय. दार उघड.

आणखी एक. मीही येतोय. त्यांना खरं काय ते सांगायचं आहे, पण तुझं रक्त काढून झाल्यावर. आधी सांगितलं तर त्यांचा हात थरथरेल.