परका पापुद्रा

सोमवार, ३ तारीख
लागली एकदाची नोकरी, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये! कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा आई म्हणाली होती, आता बस हात चोळत. घे, याच हातांनी आता मूत्राशयातल्या गाठींचे तुकडे कापायचे. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्रावर त्याचे पापुद्रे काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलायचे. रंग चढला की लॅबच्या डॉक्टर मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघून कॅन्सर आहे की नाही ते सांगतात. शिकवायला सुरीकाका, आपल्या पात्याला कुणाला शिवू देत नाहीत, म्हणून हे नाव. त्यांनी बजावलं, दर पेशंटनंतर पाण्यावरून कागद फिरव, नाहीतर एकाचं मांस दुसऱ्याच्या काचेवर जातं. जागा छान आहे. जिच्याशी लग्न करायचंय, खिडकीतून तिच्या घराचा रस्ता दिसतो!

गुरुवार, ६
तिच्या वडिलांचा तुकडा आलाय. लघवीतून रक्त जात होतं, म्हणून दुर्बीण घालून काढला. हेच गृहस्थ मला ‘अर्धवटराव’ म्हणतात. तिनं स्पष्ट सांगितलंय, बाबांचा रिपोर्ट चांगला आला तर लग्नाचं बोलू, नाहीतर त्यांना सोडून ती कुठेही जाणार नाही. त्यांचा ठोकळा मीच मागून घेतला. घाईत कागद फिरवायचा राहिला.

शुक्रवार, ७
डोकं फिरलंय. तिच्या बाबांचा तुकडा स्वच्छ, पण काचेच्या कोपऱ्यात एक परका पापुद्रा, कॅन्सरनं भरलेला. मॅडम म्हणाल्या, तो कुणाचा ते कळल्याशिवाय सही नाही, पुन्हा काप. सुरीकाका म्हणे, प्रेमात पडलेल्याच्या हाती पातं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मी स्टुलाला लाथ घातली. लागलं मलाच.

सोमवार, १०
पाणी बदललं, पातं नवं, भांडं घासलं. पापुद्रा आहेच! आधीपेक्षा मोठा. त्या दिवशीचे सगळे ठोकळे तपासले, एकाशीही जुळत नाही. तिचा फोन, अजून किती थांबायचं? खेकसलो तिच्यावर. गाढव आहे मी.

मंगळवार, ११
सुरीकाकांनी स्वतः कापलं. तरी तेच. बाबांच्या ठोकळ्यात आता जेमतेम मांस उरलंय. ते संपलं तर सगळंच —

बुधवार, १२
माझ्या लघवीत रक्त. उष्णतेनं असेल.

शुक्रवार, १४
उष्णता नाही. मॅडमना सांगावं लागलं. दुर्बीण घातली, तुकडा काढला.

मंगळवार, १८
माझी काच त्या परक्या पापुद्र्याशेजारी ठेवली. तोच कॅन्सर. कडेची खाचसुद्धा जुळते — तो संपतो तिथून माझा सुरू. मॅडमनी हळूच विचारलं, तुझा तुकडा आत्ता काढला, मग हा तेव्हाच पाण्यात कसा —
बाबांच्या रिपोर्टवर सही झाली. ते सुटले.

बुधवार, १९
ती हो म्हणाली. बाबाही तयार आहेत म्हणे, लग्नाचं बोलायला बोलावलंय.
सुरीकाका आलेच नाहीत. यंत्र बंद. मी काही कापलेलं नाही — पाणी ताजं — तरी वर पापुद्रे येताहेत, एकाला एक चिकटून, लांबच लांब — कागद फिरवतोय — पुसला की नवा — आणि दर नव्याला माझ्या ओटीपोटात, आत, कुणीतरी बारीक कापतंय —