चौथं लिंबू

कामतघर, शुक्रवार

तीर्थस्वरूप चिंधूदाजी यांस धाकट्या मेहुणीचा नमस्कार. नमस्कार एका हाताचा आहे, तो गोड मानून घ्यावा; दुसरा प्लास्टरमध्ये आहे, हे आपण जाणताच. इकडे आम्ही बरे आहोत. आपलं बीपी कसं आहे? फोनवरच विचारणार होते, पण माझा नंबर दिसला की तुमच्या राहनाळात रेंज जाते. (बाकीच्यांचे फोन लागतात, म्हणजे रेंजचा राग एकट्या माझ्यावर दिसतो.) जेवणाची आबाळ होत असेल. ताई आठ दिवस माझ्याकडेच आहे. माझी वेणी घालते, भाकऱ्या थापते आणि तुमचं नाव निघालं की तवा जरा जोरात ठेवते. तिची काळजी नसावी.

पत्रास कारण की काल मी भरपाईसाठी कामगार कार्यालयात जाऊन आले. तिथले साहेब म्हणाले, घडलं ते पहिल्यापासून सांगा. मी सांगितलं. तेच तुम्हालाही कळवते, कारण तुम्ही तिथे हजर असूनही तुम्हाला काही आठवत नाही, असं तुमच्या जबाबावरून दिसतं.

तर आपल्या गोडाऊनात नवी फोर्कलिफ्ट आली आणि पूजेचा मान मुकादम म्हणून तुम्हाला मिळाला. सकाळपासून तुम्ही इस्त्रीच्या शर्टात असे फिरत होतात की ट्रकवाल्यांना वाटलं, मालकच बदलला. मी माझ्या टेबलावर चपलांच्या खोक्यांना टेप मारत बसले होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही आलात आणि म्हणालात, "गुणा, ठेव ती टेप. तू सवाष्ण हायस, लिंबं तूच ठेव चाकांखाली." मी म्हटलं, टार्गेट राहिलंय. त्यावर तुम्ही टार्गेटपेक्षा मुहूर्त कसा मोठा ते मला समजावलंत. (एरवी पाणी प्यायला उठलं तरी घड्याळ दाखवता.) मी उठले, हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, तीन चाकांखाली तीन लिंबं ठेवली. चौथं ठेवायला वाकले तोच मुहूर्त टळेल म्हणून तुम्ही नारळ फोडलात. आणि नारळ फुटला की गाडी पुढे घ्यायची, एवढं तुम्हीच ड्रायव्हर भावेशला चारदा बजावलं होतं. त्याने घेतली. तीन लिंबं फुटली, माझी दोन बोटं टायरच्या कडेखाली फुटली, आणि चौथं लिंबू घरंगळत जाऊन तुमच्या बुटाशी थांबलं, जसंच्या तसं.

कंपनीचं उत्तर साहेबांनी वाचून दाखवलं. बाईंचं काम पॅकिंगचं, पूजेत त्या स्वखुशीने सामील झाल्या, सबब ही कामावरची इजा नव्हे. सोबत मुकादमाचा जबाब: "मी तिला बोलावलं नाही. बायांना पूजेची हौस असते, ती आपणहून आली." हौस! दाजी, हौसेने आले असते तर पैठणी नेसून आले असते, कंपनीचा निळा ॲप्रन घालून नाही. सहा वर्षांत मी तिथे झाडू मारला, मॅनेजरचा चहा केला, त्यांच्या बायकोच्या साडीला फॉल लावला. यातलं पॅकिंग कुठलं होतं? आमचे हे तर (लूमवर उभं राहून यांना कमी ऐकू येतं, पण नेमकं ते ऐकू येतं) म्हणाले, लिंबू ठेवणं काम नसेल तर पुढच्या गाडीला कंपनीच्या वकिलाला वाकायला सांगा, त्यांची हौस फिटेल.

साहेबांनी विचारलं, बोलावताना कुणी ऐकलं? मी गोडाऊनातल्या तीसही माणसांची नावं दिली. एकाचीही साक्ष मिळेना. निम्मे म्हणे पेढ्यांच्या खोक्याकडे बघत होते. शेजारच्या टेबलावरची सुकन्या तर म्हणते, तिने हात जोडून डोळे मिटले होते. एवढी भक्ती मी देवळातसुद्धा पाहिली नाही. एकटा भावेश खरं बोलायला तयार आहे. रोज संध्याकाळी केळी घेऊन येतो आणि रडतो. पण तो गाडीवर वरती बसलेला, तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, पण मूठ पुरती मिटेल की नाही हे आज सांगता येत नाही. टेप मारायला मूठ लागते, दाजी. पुढचे उपचार भरपाईवर आहेत. मी रागावले आहे, आणि गाडीवर नाही, भावेशवरही नाही, तुमच्यावर रागावले आहे. सहा वर्षांपूर्वी तुम्हीच मला गेटवर उभं करून सांगितलंत की ही माझी मेहुणी, पण बहिणीसारखी हाय. त्याच तोंडाने "आपणहून आली" कसं म्हणवलं तुम्हाला? असो. मोठ्यांना जास्त बोलू नये. गोळ्या वेळेवर घ्या, मीठ कमी खा.

आपली मेहुणी,
गुणा

ता. क. सोमवारी अकरा वाजता साहेबांनी पुन्हा बोलावलंय. तुम्ही येऊन "मीच बोलावलं होतं" एवढंच म्हणायचं आहे. मुकादमाच्या हुकमाने उठले हे कळलं की पूजा का असेना, ते काम धरलं जाईल असं साहेब म्हणाले. नोकरीची धास्ती तुम्हाला आहे, ती मला समजते. म्हणून नारळ कुणी फोडला हे मी कार्यालयात सांगितलेलं नाही. गर्दीत दिसलं नाही म्हटलं. तीस आंधळ्यांत एकतिसावी मी.

आणखी ता. क. अक्षर तुम्ही पहिल्या ओळीलाच ओळखलं असेल. मी तोंडाने सांगते आणि ताई लिहिते. तीन ठिकाणी तिने माझ्यापेक्षा कडक शब्द घातले होते, ते मी खोडायला लावले. आता शेवटचं तिला तिचं लिहायचं आहे.

अहो, सोमवारी तिथलं बोलून झालं की सरळ कामतघरला या. माझी पिशवी भरून तयार आहे. नाही बोललात, तर गुणाच्या कपाटात एक खण रिकामा आहे.