एकादशीचं उपोषण

नंदनवन, नागपूर
फेब्रुवारी १९७९

आदरणीय महादेवराव यांना गिरिधरचा नमस्कार.

तुमचा दमा आता आवरला असेल, वहिनींच्या गुडघ्यांनी जिना चढायला संमती दिली असेल, असं धरून चालतो. तुमची धाकटी बहीण प्रेमिला आणि मी खुशाल आहोत.

जावईबापू लाल झेंडा घेऊन रस्त्यावर बसले, अशी बातमी तुमच्यापर्यंत आली असेल. ती खोटी आहे. झेंडा दुसऱ्याच्या हातात होता. झालं असं की, आमच्या खैरीपुरा नगरपालिकेत (जिथे मी इतकी वर्षं घरपट्टीच्या टेबलाशी कोणाचंही बरंवाईट न करता बसलो) मुख्याधिकाऱ्यांनी रस्ते झाडायचं काम ठेकेदाराला देऊन झाडणाऱ्या साऱ्या बायांना घरी बसवलं. त्यांत रंभाबाई, घरात कमावणारी ती एकटीच. युनियनचे अध्यक्ष देवराव (जकात नाक्यावरचे, आवाज असा की ट्रक आपोआप थांबतो) यांनी फाटकासमोर साखळी उपोषण मांडलं. रोज एकाने सकाळी बसायचं, संध्याकाळी उठायचं. बाया बसल्या, शिपाई बसले. मग देवराव म्हणाले, "एखांदा बाबू बसल्याबिगर साहेबाले घाम फुटत नाही." सगळे बाबू पंख्याकडे पाहू लागले. मी मात्र एकादशीचा दिवस मागून घेतला. (नाहीतरी त्या दिवशी उपास असतोच, देवही खूश, युनियनही खूश.) माझ्या या त्यागावर टाळ्या पडल्या.

एकादशीला गळ्यात झेंडूचा हार घालून मी सतरंजीवर बसलो. दुपारी बसमधून प्रेमिला उतरली आणि सर्वांसमोर तिने डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी, बाजूला बटाट्याचा कीस. आता महादेवराव, खिचडीनं एकादशी मोडते असं तुमच्या घरी तरी कोणी कधी म्हटलं आहे का? मी निर्मळ मनाने खाऊ लागलो.

रंभाबाई समोर येऊन उभी राहिली. "काहून जी बाबू, तुम्ही उपाशी बसून राहिले का जेवून राहिले?"

"अवं बाई, जेवण नोहे, फराळ होय तो," प्रेमिलानं समजावलं. "एकादशी हाय न आज."

"आमच्या घरी एकादशीबी नाही न् फराळबी नाही. उपाशी म्हंजे उपाशीच!"

घास गिळवेना आणि थुंकवेना. देवरावांनी कपाळ धरलं. साऱ्या बायांची रोजीरोटी मी चमच्याने खाऊन टाकली, असं मला वाटू लागलं.

एवढ्यात कोणीतरी आत वर्दी दिली आणि मुख्याधिकारी मला रंगेहाथ पकडायला हसत हसत बाहेर आले. पण एकादशी त्यांचीही होती! सकाळपासून नुसत्या चहावर असलेला माणूस. तुपातल्या जिऱ्याचा वास आला आणि हसू थांबलं. "घ्या न साहेब दोन घास, तुमचाबी उपासच असंन," प्रेमिला म्हणाली. साहेब मांडी घालून बसले. पहिला घास तोंडात गेला, तोच देवरावांनी माझ्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि गर्जना केली, "साहेबबी उपोषणाले बसले!" बाजार लोटला. नगराध्यक्षांची जीप थांबली. "आपल्याच हुकमाविरुद्ध बसले का तुम्ही?" त्यांनी विचारलं. आता साहेबांपुढे दोनच वाटा होत्या : उपोषणाच्या मांडवात आपण फुकट जेवत होतो हे सांगणं, किंवा मागणी मानणं. संध्याकाळच्या आत बाया कामावर परत.

किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाबाई खराटा घेऊन कचेरीतल्या माझ्या खिडकीखालून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही, पण न पाहताच हसली. (विजयसभेत मी 'हा डाव माझाच होता' असं म्हणून सरचिटणीस झालो. प्रेमिला पहिल्याच रांगेत होती. तेव्हापासून घरात शांतता आहे.) असो. पुन्हा या फंदात पडणार नाही.

आपला,
गिरिधर

ता. क. : मुख्य काम राहिलंच. आता नाक्यावरच्या रोजंदारीवाल्यांना काढलं आहे. सोमवारपासून बेमुदत उपोषण, पहिलं नाव सरचिटणिसाचं. तरी 'प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा' अशी तार तुमच्या नावाने मला करावी, म्हणजे इथून निघता येईल. आजार सोयीने निवडावा.

ता. ता. क. : तार करू नका. पत्र पेटीत टाकायला कचेरीतून निघालो तर दारात रंभाबाई. म्हणते, "बाबू, त्या पोरांसाठी मीबी बसून राहिले तुमच्या बाजूले. एकटे नोका बसू." मी 'बरं' म्हणून मोकळा झालो. आता एवढंच करा, तेवढे दिवस प्रेमिलाला माहेरी बोलावून घ्या. साहेबांशी मी लढेन. तिच्या डब्याशी माझ्याच्यानं होणार नाही.