भार नव्हे, बॉम्ब

बाबा, तुमचं ते विमानाचं चित्र मी उद्या लोकांसमोर लावणार आहे, आणि त्यातला तुमचा एक शब्द मी खोडला आहे. चिडणार असाल तर चिडा.

कारखान्यात तुम्ही ड्राफ्ट्समन होतात. रविवारी मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुसऱ्या महायुद्धातल्या अवजड अमेरिकन बॉम्बफेकी विमानाचा उभा छेद काढत बसायचात. चार इंजिनं, हवेचा दाब राखणाऱ्या केबिन, आणि त्यांना जोडणारा, माणूस रांगत जाईल एवढाच बोगदा. आई कांदा चिरायला जागा मागायची, तर म्हणायचात, "पंख संपू दे गं." भागांची नावं मी लिहायचो, माझं शुद्धलेखन बरं म्हणून. बोगद्याखालच्या मोठ्या पोकळीत मी 'बॉम्ब' लिहिलं, अनुस्वार द्यावा की अर्धा म, यावर तीनदा विचार करून. तुम्ही म्हणालात, "ड्रॉइंगमध्ये भार लिहितात. यंत्र किती उचलतं ते सांगायचं, कशाला ते नाही." मी खोडून 'भार' लिहिलं. पुढे मी डिप्लोमा मध्येच सोडला आणि तुम्ही मला अर्धवट म्हणू लागलात, ते शेवटपर्यंत.

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर इथली आपली बरीच माणसं परत गेली, म्हणून शहराच्या कोतो भागातल्या एका भारतीय हॉटेलच्या स्वयंपाकघरात मला जागा मिळाली. माझ्या खोलीच्या भिंतीवर तुमचं चित्र आहे, दुसरं काही नाही. गेल्या महिन्यात घरमालकीण आजी गिझर बघायला आल्या. ऐंशीच्या आहेत. चित्राकडे बघून म्हणतात, "अरे, बी-सान!" मला वाटलं, कुणी भाडेकरू. इथे सगळ्यांच्याच नावाला सान लावतात. मी विचारलं, "ते कुठल्या खोलीत राहतात?" आजी भिंतीला धरून हसतात. "वर," म्हणतात, आणि बोट छताकडे. "याच्या नावात बी आहे ना, म्हणून लहानपणी आम्ही या विमानालाच बी-सान म्हणायचो. इतक्या वेळा यायचं, मान नको द्यायला?"

मग त्यांनी 'भार'वर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"सामान," मी म्हणालो. माझ्या जपानीत तेवढाच शब्द होता.

"हं. आमच्या गल्लीत उतरवलं ते. आग लावणारं. आई आणि धाकटा भाऊ कालव्यापर्यंत पोचले नाहीत." त्यांनी गिझरचं बटण दोनदा दाबून पाहिलं. "दर मार्चमध्ये, त्या रात्रीच्या तारखेला, वस्तीच्या सभागृहात आम्ही त्या आठवणी मांडतो. हे देशील? पण शब्द बरोबर लिहून दे."

बाबा, तो बोगदा वर का आहे? खालची जागा बॉम्बसाठी मोकळी हवी म्हणून. चार इंजिनं कशाला? ते उचलून समुद्रापार न्यायला. अख्खं विमान त्या पोकळीभोवती बांधलंय. कशाला ते सांगितल्याशिवाय ते चित्र वाचताच येत नाही. तुम्ही पूर्ण शिकलेले होतात, तरी हे मलाच सांगावं लागतंय.

काल मी 'आग लावणारे बॉम्ब' लिहिलं. खाली जपानीतही, एकेक रेघ तपासून. आता कुणीही सांगितलं तरी खोडणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकतो. चित्र कुणी काढलं, असं आजींनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, जुन्या बाजारात मिळालं. तुम्हाला दुसऱ्या कुणी बोललेलं मला अजून ऐकवत नाही.