नरूमाच्या वाटेवरचा अंगठा

वुलनगाँग, ऑस्ट्रेलिया, १४ नोव्हेंबर

प्रिय नोएलीनताई,

गुडघा कसा आहे तुझा? इकडे सगळे बरे. उकाडा आहे, माश्या आहेत. कॉलिनने नवी बार्बेक्यूची शेगडी आणलीय आणि नवरा माझा असला तरी गप्पा तिच्याशी मारतो. चहाचं पाणी तिसऱ्यांदा उकळून गार झालं, कारण मी सारखी उठतेय, खिडकीशी जातेय, परत येऊन बसतेय.

सिनेमाची जाहिरात तू पाहिलीस, असं तुझ्या शेजारणीने कळवलं. हो, मीच लिहिलाय. तुला न सांगता. आपली नरूमाच्या समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी, दोन गाड्या, पाच मुलं आणि वाटेत पेट्रोल पंपावर राहिलेली माझी सहा वर्षांची ब्रायडी. सिनेमात ती एका पेलिकन पक्ष्याबरोबर धमाल करते. वेंधळी मावशी गाडीतून अंगठा दाखवते, 'सगळे आले!' तिथे लोक इतके हसतात की पुढची दोन वाक्यं ऐकूच येत नाहीत. चांगली होती ती वाक्यं.

यंदा आंबे बरे आलेत बाजारात. तुला पेटी पाठवू का?

असो. आंब्यांचं राहू दे.

परवा ब्रायडी आली होती. जाहिरात पाहिली आणि हसलीच नाही.

"आई, अंगठा तर तुझा होता."

"तुला काय आठवतंय? एवढीशी होतीस."

"दुकानाच्या काचेतून बघत होते मी. सॉसेज रोल खात."

"मग धावत का नाही आलीस, कार्टे?"

"तुम्ही दोघी भांडत होतात ना. वाटलं, राग उतरला की याल."

तिला न्यायला परत यायला आपल्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली, ताई. आणि भांडण कशावरून, तर तंबूच्या खुंट्या कोण विसरलं, एवढ्यावरून!

नियम आपणच केला होता. ज्या गाडीत गोळ्या-चॉकलेटं, तिकडे मुलं पळायची. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर एकीने दुसरीच्या गाडीपाशी जाऊन डोकी मोजायची. त्या दिवशी पाळी माझी होती. पण तुझ्या खिडकीशी यायचं म्हणजे तुझं तोंड बघणं आलं. मी गाडीतच बसून राहिले. तू लांबून हातानेच विचारलंस, 'सगळे?' मी न मोजता अंगठा वर केला.

नरूमाला पोचल्यावर कॉलिन ओरडला, "सगळे आले असं म्हणालं कोण?" मी तुझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आणि तू म्हणालीस, "मी."

का म्हणालीस? चोवीस वर्षांत मी विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं.

नाताळच्या जेवणात दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "नोएलीन, मुलं मोजलीस का?" ती टिंगल पहिल्यांदा मी केली. त्यानंतर तुझ्या गाडीत कुणी आपलं मूल बसवलं नाही. तू मोठी गाडी विकून दोन माणसांची घेतलीस, त्यावरही मी विनोद केला. लोक हसले. मी चांगलीच विनोदी आहे.

शुक्रवारपर्यंत सिनेमात बदल करता येतो. काल दिग्दर्शकाला फोन केला, म्हटलं, अंगठा आईचा करा. तो म्हणाला, "ग्लेनिस, आई चुकली की लोक गंभीर होतात. मावशी चुकली की हसतात." माणूस मूर्ख असता तर बरं झालं असतं. मग म्हटलं, माझं नाव काढा. "बरं," म्हणाला. जरा जास्तच पटकन.

तेव्हा सिनेमा येईल तो तुझ्याच अंगठ्यासह. ते आता माझ्या हातात नाही. नाताळचं जेवण मात्र माझ्या घरी आहे. टिंगल सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर, मी उभी राहून सांगणार आहे की अंगठा माझा होता. तू नसलीस तरी सांगेन, पण तू समोर असावीस. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. ये.

एकवीस खुर्च्या मांडणार आहे. या वेळी प्रत्येकीपाशी जाऊन मोजेन.

तुझी, न मोजता निघालेली,
ग्लेनिस