चहाच्या हाकेनंतरची काडतुसं

झिंडेलफिंगेन, जर्मनी, शनिवार, १४ मार्च २०१५

जावईबापू नेमबाजीच्या क्लबात जातात. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आणून घरीच पुन्हा दारू भरतात. परवाना आहे म्हणे. भरताना कोणी बोलायचं नाही, एवढाच नियम. आणि मी दुपारी दार उघडून विचारलं, "चहा टाकू का?" त्यांचा हात थांबला. "नको, बाबा." मग पुन्हा काम सुरू.

तेव्हापासून तेच मनात. हाक मारली तेव्हा एखादी पुंगळी रिकामी राहिली असेल? की दोनदा भरली? त्यांचं पिस्तूल पुढचं काडतूस आपोआप घेतं. दारू कमी पडून एक गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी सुटली तर? मी सातवी पास, मला काय कळतं. पण आमटीत मीठ घातलं की नाही, हे मीसुद्धा मध्येच कोणी बोललं की विसरतो.

संध्याकाळी सांगून टाकलं. मुलगी हसली, "बाबा, इंजिनिअर आहेत ते!"

जावई हसले नाहीत. "गेनाऊ, बाबा, अगदी बरोबर. आज भरलेली सगळी मी बाजूला काढलीत. उद्या विकतची नेतोय."

दुपारभराचं काम वाया घालवलं, पण सासऱ्याला "गप्प बसा" म्हणाले नाहीत.

दुपारी मी दार उघडलं, तेव्हाच म्हणायला हवं होतं.